अकरा वाजताचा मिस्ड कॉल

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मला कुणी फसवू शकत नाही. एकोणीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलीत. 'पोटात दुखतंय' म्हणणाऱ्या पोराच्या नुसत्या चालण्यावरून मी ओळखतो की दुखणं पोटात आहे का पाढ्यात. गृहपाठ आईनं केलाय, बहिणीनं केलाय का सकाळी देवळाच्या पायरीवर बसून उतरवलाय, हे मी वही न उघडता सांगतो. लोक मला शंकेखोर म्हणतात. मी स्वतःला सावध म्हणतो. आमच्या घरात मात्र या हुनराची कदर नाही. माझी बायको शबनम म्हणते, "तुमना तो सालन का नमक बी दुश्मन ने डाल्या सो दिखता." आता, त्या दिवशी सालन खारट होतं आणि ते शिजत असताना शेजारीण येऊन गेली होती, एवढंच मी बोललो होतो. बाकी मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

तर अशा मला एका चौथीतल्या पोरीनं घोळात घेतलं. म्हणजे तिनं घेतलं नाही, माझा मीच शिरलो, पण ते पुढं येईल.

आमची शाळा हळ्ळीवाडीची. उमरग्यापासून मोटारसायकलवर अर्धा तास. माळावर दोन खोल्या, एक ऑफिस आणि पोषण आहाराचं स्वयंपाकघर. शिक्षक दोन. मुख्याध्यापिका ज्ञानेश्वरी मॅडम आणि मी, मुजीब गुरुजी. पट एकवीस. या एकवीसमध्ये माझा सगळा जीव अडकलेला होता, कारण पट वीसच्या खाली घसरला की दोनातला एक शिक्षक जादा ठरतो, आणि जादा म्हणजे मी. जादा शिक्षकासाठी जी जागा रिकामी होती ती भूम तालुक्यात, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. माझं घर उमरग्यात, शबनमचे शिवणक्लास उमरग्यात, अम्मीचा दवाखाना उमरग्यात. भूमच्या नुसत्या नावानंच मला घाम सुटायचा.

आणि यंदा सहा पालकांनी उमरग्याच्या इंग्लिश शाळेचे फॉर्म आणले होते. तिथली पिवळी व्हॅन गावात येऊन दोनदा फिरून गेली होती. ती व्हॅन बघून पोरं टाळ्या वाजवायची आणि मला एकवीसमधून सहा वजा होताना दिसायचे.

मग मी डोकं लढवलं. इंग्लिश शाळेत कॉम्प्युटर आहे ना? असू दे. आमच्या शाळेत प्रत्येक पोराच्या हातात यंत्र असेल. आणायचं कुठून? घरातूनच. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पोरांनी घरचा मोबाईल शाळेत आणायचा, त्यावर धडे बघायचे, गणितं सोडवायची. मॅडमना कल्पना आवडली. विस्तार अधिकारी उमाशंकर साहेबांना तर इतकी आवडली की शुक्रवारी स्वतः बघायला येतो म्हणाले. मी त्याच शुक्रवारी दुपारी बाराला पालकसभा ठेवली. साहेबांसमोर पोरं फोनवर भागाकार करणार, पालक बघणार आणि ते सहा फॉर्म चुलीत जाणार, असा बेत होता.

मंगळवारी पहिला दिवस. तेरा फोन आणि एक टॅब आला. एका फोनची काच अशी तडकलेली की तीनाचा आकडा आठ दिसायचा. अलिजानं तिच्या आजोबांचा, बाबामियाँचा, बटनांचा फोन आणला होता.

"अगं, यात धडा कसा दिसणार?"

"न्हाय दिसत सर. पण टॉर्च लई भारी हाय याचा."

टॅबवर सगळं कन्नडमध्ये यायचं आणि ते कसं बदलायचं हे त्याच्या मालकिणीलाही माहीत नव्हतं. मी शांत राहिलो. वजाबाकी सुरू केली. तेवढ्यात तिसरीतल्या शिवकुमारच्या फोनवर कुण्या आडत्याचा फोन आला. तूर कधी आणणार, म्हणून विचारत होता.

"भाव वाढल्यावर," शिवकुमार म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला. या पोराला हातचा घेता येत नव्हता. मला लगेच शंका आली की हा मुद्दाम येत नसल्याचं दाखवतो.

पण खरी शंका आली ती अकरा वाजता.

राजेश्वरी, चौथीत, धुळाप्पाची मुलगी. वर्गात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारी. माझ्या अनुभवात हे दोन गुण एकत्र आले की लक्ष ठेवावं. तर ही पोर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघते. मग माझ्याकडं बघते. मग फोन बाकाखाली नेते, काहीतरी दाबते, कानाला न लावताच थोडं थांबते आणि परत फोन वर ठेवून भागाकार करायला लागते. मी घड्याळ बघितलं. अकरा. साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीआधी, परत तसंच.

मी तिला व्हरांड्यात बोलावलं.

"बाळ, फोन कुणाला लावलास?"

"कुणाला न्हाय, सर."

"मी बघितलं."

"लावला की. पण कुणाला न्हाय लावला."

"मग तिकडून कोण बोललं?"

"कुणीच न्हाय. दोन रिंगा झाल्या की आपोआप कट होतंय."

"हे तुला कुणी सांगितलं करायला?"

"आप्पानं. अन् कुणाला सांगू नको म्हणून बी सांगितलंय." एवढं बोलून तिनं ओठ असे मिटले की पुढं केंद्रप्रमुख आले असते तरी उघडले नसते.

सुट्टीत मी तिचा फोन 'चार्जिंग किती आहे बघतो' म्हणून घेतला. कॉलच्या यादीत एकच नंबर खालपर्यंत. नाव नाही. कधी पहाटे चार, कधी दुपारी एक, कधी रात्री दहा. रोज. आणि बोलणं प्रत्येक वेळी शून्य सेकंद. एक शब्द न बोलता रोज एकमेकांना फोन करणारी माणसं मी नवरा-बायको सोडून दुसरी पाहिली नाहीत, आणि राजेश्वरीची आई तर त्याच घरात राहते.

नंबर मी माझ्या फोनवरून लावून बघितला. रिंग वाजतच राहिली, कुणी उचललं नाही. म्हणजे समोरचा अनोळखी नंबर उचलत नाही आणि ओळखीचा आला की दोन रिंगांत तोडतो. हा खुणेचा मिस्ड कॉल होता, दुसरं काही असूच शकत नव्हतं. आता खूण कसली? मी ज्ञानेश्वरी मॅडमना ऑफिसात नेऊन दार लावलं आणि सांगितलं.

"मॅडम, इंग्लिश शाळेनं आपल्या वर्गात माणूस पेरलाय."

"कोण?"

"राजेश्वरी."

"मुजीब सर, पोर नऊ वर्षांची आहे."

"तेच तर. कुणाला शंका येणार नाही."

मी त्यांना सगळं समजावलं. धुळाप्पा हा त्या सहा पालकांपैकी एक. पोर अकराला खूण करते, म्हणजे वर्ग सुरू झाला. साडेबाराला खूण करते, म्हणजे वर्ग संपला. तिकडं कुणीतरी बसून लिहून घेतंय की आमचे गुरुजी किती वेळ शिकवतात आणि किती वेळ शिकवत नाहीत. शुक्रवारी भर सभेत हा कागद निघणार आणि मी भूमला जाणार. मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही रात्री झोपता ना नीट?"

शुक्रवार उजाडला. मी साडेदहालाच सगळे फोन गोळा केले आणि तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. 'साहेब आल्यावर एकदम वाटू' असं पोरांना सांगितलं. राजेश्वरीचा फोन तेवढा खिशात घातला. पोरगी माझ्या मागंमागं ऑफिसच्या दारापर्यंत आली.

"सर, तेवढा नंबर आज लावू नका हं."

"का बरं?"

"आप्पा म्हणले, आज लावायचा न्हाय. आज अजिबातच न्हाय."

बघा. रोज लावायचा आणि नेमका सभेच्या दिवशी, साहेब यायच्या दिवशी लावायचा नाही. माझी खात्रीच पटली. त्या दिवशी तिकडचा माणूस जागेवर नसणार, तो इथंच येणार, पालकांमध्ये मिसळून बसणार.

"लावला तर काय होईल?"

ती रडकुंडीला आली. "सांगायचं न्हाय सर, आप्पाची शपथ हाय."

मी तिला वर्गात पाठवलं, ऑफिसचं दार लावलं, खिडकी लावली आणि नंबर लावला. दोन रिंगा. कट. परत लावला. कट. "कोण आहात? बोला," मी म्हणालो, पण तोपर्यंत परत कट. म्हटलं, हा कसा बोलत नाही बघतो. मी लावत गेलो, तो तोडत गेला. पावणेअकरा ते पावणेबारा मी चोवीस वेळा फोन लावला. शिवीच तेवढी दिली नाही, शाळा आहे म्हणून.

बारा वाजले. सतरंज्या अंथरलेल्या, चहा उकळून तयार, फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम्'. पालक एकही नाही. सव्वाबारा झाले. मॅडम सारख्या फाटकाकडं बघत होत्या. तेवढ्यात आमच्या पोषण आहाराच्या शांताक्का गावातून धापा टाकत आल्या.

"गुरुजी, सभेला कुणी येत न्हाय. सगळा गाव धुळाप्पाच्या रानात गेलाय."

"का?"

"त्याची मोटार पिसाळलीय. आपोआप चालू होतीय, आपोआप बंद होतीय. धुळाप्पा पाइपाचा जोड खोलून बसलता, नवा पाइप बसवायला. तोंडावरच पाणी आलं की त्याच्या. बंद झाली म्हणून परत गेला, तर परत आलं. बारा वेळा भिजलाय बघा. आता तो म्हणतोय, गुरुलिंगच करणी करतोय."

गुरुलिंग हा धुळाप्पाचा चुलतभाऊ. बांधाला बांध, आणि बांधावरून भांडण. तोही त्या सहांपैकीच एक.

"मग मेन बंद करायचा ना?"

"पेटीला कुलूप हाय. मागं केबल चोरीला गेलती तवापासून. अन् चावी घेऊन बायको गेलीय उमरग्याला."

"आणि गुरुलिंग?"

"त्यो तर नुसता खांबाला टेकून उभा होता. धुळाप्पानं जाऊन गचांडीच धरली त्याची. सगळ्या वाटेवर चिखल झालाय, मी चपला हातात घेऊन आलेय."

आता तुम्ही म्हणाल, इथं तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पण आमचं घराणं बांगड्यांचं. तीन पिढ्यांत कुणी रानात पाय ठेवलेला नाही. मोटार म्हणजे बटन दाबल्यावर चालू होणारी वस्तू, एवढीच माझी माहिती. मला वेगळंच दिसलं. मी मॅडमना म्हणालो, "बघितलंत? ऐन सभेच्या वेळी गाव रानात नेलं. किती खोल कट आहे." आणि चिडून ऑफिसात जाऊन अजून चार वेळा फोन लावला.

पावणेएकला उमाशंकर साहेब आले. चालत आले. त्यांची मोटारसायकल खाली वाटेत काळ्या मातीत आडवी झाली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात बूट, दुसरा बूट हातात. त्यांच्या मागं सगळा गाव. पुढं धुळाप्पा, डोक्यापासून पायापर्यंत ओलाचिंब. बाजूला गुरुलिंग, शर्टाची दोन बटणं तुटलेली. दोघांना चार जणांनी धरून ठेवलं होतं.

"शाळेच्या वाटेवर पाणी कुणी सोडलं?" साहेबांनी बूट हातातच ठेवून विचारलं.

"ह्यानं," धुळाप्पा म्हणाला.

"म्या न्हाय, देवाशप्पथ," गुरुलिंग म्हणाला.

मला वाटलं, हीच वेळ. सगळे पालक समोर, साहेब समोर. मी व्हरांड्यात पुढं आलो आणि घसा साफ केला.

"साहेब, रागावू नका त्यांच्यावर. आज जे काही झालं त्याचं मूळ माझ्या हातात आहे." आणि मी फोन वर धरला. हे वाक्य मी म्हणालो, शब्दन् शब्द असंच म्हणालो. मॅडम अजून ऐकवतात. "गेले चार दिवस मी एका गुप्त नंबराच्या मागावर आहे. या शाळेचं वाईट व्हावं म्हणून कुणीतरी कट रचलाय. ज्याचा हा नंबर आहे तो माणूस आज इथंच, तुमच्यात उभा आहे. मी आत्ता फोन लावतो. ज्याच्या खिशात वाजेल त्याला धरा."

"सर, नका ना," राजेश्वरी मागून म्हणाली.

मी स्पीकर चालू केला आणि नंबर लावला. सगळे आपापले खिसे चाचपायला लागले. साहेबांनीसुद्धा चाचपला. एक रिंग. दोन रिंगा. कट.

कुणाच्याच खिशात काही वाजलं नाही. माळावर शांत झालं. आणि त्या शांततेत खाली धुळाप्पाच्या रानात पाइपाच्या उघड्या तोंडातून पाणी धो धो बाहेर पडलं. शाळेच्या व्हरांड्यातून ते पाणी स्वच्छ दिसतं. सगळ्या गावानं आधी पाण्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं.

"परत लावा," साहेब म्हणाले.

लावला. पाणी थांबलं.

"परत."

पाणी आलं. साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः एकदा बंद करून खात्री केली. मग गुरुलिंग म्हणाला, "मला बी एकदा लावू द्या की," आणि त्याला कुणीच अडवलं नाही, कारण सकाळपासून त्यानं फुकटचा मार खाल्ला होता.

मोटारीच्या पेटीत सिमकार्ड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मिस्ड कॉल दिला की चालू, परत दिला की बंद. ठरवलेल्या नंबरावरूनच चालतं. तीन फेजची लाईट कधी पहाटे असते, कधी रात्री, म्हणून ते पहाटे चारचे कॉल. आणि एकदा केबल चोरीला गेलेली, त्यामुळं मोटारीपाशी माणूस नसतो हे कुणाला कळू नये, म्हणून धुळाप्पानं पोरीला शपथ घातलेली. पोर खरंच बोलत होती. तिनं फोन कुणालाच लावला नव्हता.

"आप्पा, म्या न्हाय सांगितलं," राजेश्वरी म्हणाली. "सरांनीच सांगितलं सगळ्यांना."

फोन माझ्याकडं परत आला आणि तो कुठं ठेवावा हे मला कळेना. मला फार लाज वाटली. गावाची वाटली, साहेबांची वाटली, पण जास्त त्या पोरीची वाटली. मी तिच्यासमोर जाऊन म्हणालो, "बाळ, माझं चुकलं." तिनं फोन घेतला, चार्जिंग बघितलं आणि म्हणाली, "सर, वीसच टक्के ठेवलंय की तुम्ही."

सभा झाली. साहेब पाय धुऊन खुर्चीवर बसले. फोनवरच्या भागाकाराचा विषय कुणी काढलाच नाही. मी कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात भूमच्या एसटीचं वेळापत्रक आठवत होतो. म्हटलं, आता सहा नाही, अख्खे एकवीस जातील. आणि पहिला उठला तो गुरुलिंग, ज्याचा फॉर्म सगळ्यात आधी भरला होता.

"गुरुजी, एक विचारतो. आज तुमी किती येळा फोन लावला?"

मी मान खाली घालून म्हणालो, "तीसेक वेळा."

"अन् त्यातला लागला न्हाय असा किती?"

मी आठवून बघितलं. "एकही नाही. सगळे लागले."

पालकांमध्ये कुजबुज झाली. धुळाप्पा ओला टॉवेल पिळत उभा राहिला. त्याचा राग कुठं गेला होता कुणास ठाऊक. "व्हय की. माझ्या तर ध्यानातच आलं नव्हतं. गाव खाली खोलगटात. घरातनं मोटार चालू करायची तर पत्र्यावर चढावं लागतंय, दहा येळा लावावं तवा एकदा लागतंय. हितं माळावर रेंज कशी फुल हाय."

"बाजारला जायचं तर मोटारीसाठी एक माणूस घरी ठेवावं लागतंय," मागून कुणीतरी म्हणालं. "असली पेटी बसवली अन् पोरगं फोन घेऊन शाळेत असलं म्हंजे काळजीच मिटली."

"रोज आणू द्या फोन, मंगळवार-शुक्रवार कशाला?"

माझी शंका परत जागी झाली. ही माणसं माझी टिंगल तर करत नाहीत? मी हळूच विचारलं, "पण तुम्ही तर पोरांना इंग्लिश शाळेत घालणार होता ना?"

गुरुलिंगनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी ढ पोराकडं बघतो.

"तिथं फोन नेऊ देत न्हायत, गुरुजी. मग मोटार कोण चालू करणार?"

सहाही फॉर्म त्याच दिवशी परत गेले. पुढच्या आठवड्यात शेजारच्या तांड्यावरची तीन पोरं नव्यानं दाखल झाली, तिघांच्याही बापांच्या विहिरी आमच्या माळाखालीच. पट चोवीस झाला. उमाशंकर साहेबांनी भेट वहीत 'पालकांचा सहभाग अत्यंत उत्साही' असा शेरा मारला आणि दुसरा बूट न घालताच गेले. माझं भूम टळलं. अम्मीनं दर्ग्यावर चादर चढवली.

आता रोज लाईट आली की शांताक्का घंटा वाजवतात. पोरं रांगेत व्हरांड्यात उभी राहतात, मिस्ड कॉल देतात, खाली एकेका विहिरीवर पाणी आलं का बघतात आणि मी वहीत टिक करतो. मध्येच लाईट जाऊन आली की परत पहिल्यापासून. कुणी फोन विसरला तर पालक मला माझ्या फोनवरून लावायला सांगतात, माझा नंबर नऊ पेट्यांमध्ये टाकलेला आहे.

शबनमनं परवा विचारलंच, की या सगळ्यात तुम्ही शिकवता कधी? मला तिच्या स्वरात जरा शंका दिसली. पण मी खरं तेच सांगितलं. शिकवतो की. लाईट गेल्यावर.